एका पंगतीतले वादक

संगीत महोत्सवाचा इतिहास लिहिणे तसे सोपे असते. कोणत्या वर्षी कोण आले, काय वाजवले, मांडव किती भरला, तिकीट न मिळाल्याने किती जण हिरमुसून परतले, एवढी जंत्री केली की निम्मे काम होते. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, पोटॅश हिल नावाच्या टेकडीवर 1951 पासून भरत आलेल्या मार्लबरो संगीत महोत्सवाचा इतिहास असा लिहिता येत नाही. (नावावरून ज्यांना सिगारेट आठवली असेल, त्यांनी ती विझवावी. मार्लबरो हे तिथल्या गावाचे नाव आहे.) इथे उन्हाळ्याच्या सात आठवड्यांत दोनशेहून अधिक रचनांच्या तालमी होतात आणि त्यांतल्या सुमारे पाव रचनाच श्रोत्यांपुढे येतात. बाकीच्या कोणाच्या कानावर पडल्याच तर शेजारच्या खोलीत तालीम करणाऱ्यांच्या, किंवा वाटेने जाणाऱ्या एखाद्याच्या. म्हणजे या महोत्सवाचे बरेचसे काम कोणी ऐकलेलेच नसते. त्याची समीक्षा छापून येत नाही, ध्वनिमुद्रण निघत नाही, त्याला टाळ्या मिळत नाहीत. 2026 मध्ये या संस्थेला 75 वर्षे पूर्ण होत असताना तिचे महत्त्व तिथे वाजवून गेलेल्या मोठ्या नावांवरून ठरवण्याचा मोह होईल. पण तिने तरुण वादकांना खरा आधार दिला तो या न ऐकलेल्या भागातून, असे मला वाटते. व्यासपीठ अनेकांनी दिले. व्यासपीठापासून काही काळ सुटका फार थोड्यांनी दिली. ही कल्पना कुठून आली आणि ती 75 वर्षे कशी टिकली, हाच या संस्थेचा इतिहास आहे.

तिचे मूळ व्हर्माँटमध्ये नाही, बर्लिनमध्ये आहे. रुडॉल्फ सर्किन हा बोहेमियातल्या एका ज्यू कुटुंबात 1903 साली जन्मलेला पियानोवादक. व्हिएन्नात तो अद्भुत बालक म्हणून गाजला, बाराव्या वर्षी तिथल्या विख्यात वाद्यवृंदाबरोबर वाजवून मोकळा झाला. अशा मुलांचे पुढे काय होते हे आपल्यालाही ठाऊक आहे. कौतुकाचा पूर ओसरतो आणि कोवळ्या वयातल्या कसबापलीकडे हाती काही उरत नाही. सर्किनचे तसे झाले नाही, कारण 1920 साली, सतराव्या वर्षी, तो व्हायोलिनवादक आडॉल्फ बुश याच्या बर्लिनमधल्या घरी राहायला गेला. बुश त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा, जर्मनीत नाव कमावलेला. तो पियानो शिकवणारा नव्हता, त्यामुळे हे नेहमीच्या अर्थाने गुरुगृही राहणे नव्हते. बुशने त्याला जोडीदार केले. बेथोवेन आणि ब्राम्सचे सोनाटा दोघे रोज मिळून वाजवत, आणि मंचावर जाताना सतरा वर्षांच्या मुलावरची जबाबदारी तिशीकडे झुकलेल्या कलावंताएवढीच असे. पुढे 1935 मध्ये सर्किन बुशचा जावई झाला. मार्लबरोची घटना, नियमावली, उद्देशपत्रिका जे काही म्हणायचे ते याच घरात, कोणी कागदावर न उतरवता, तयार झाले होते. सर्किनने पुढे व्हर्माँटमध्ये केले ते एवढेच, की आपल्या वाट्याला आलेले हे भाग्य त्याने अनेकांना वाटता येईल असे केले. एखाद्या संस्थेचे मूळ संस्थापकाच्या तारुण्यात इतके स्पष्ट दिसणे विरळाच.

मधल्या काळात युरोप उद्ध्वस्त झाला. बुश ज्यू नव्हता. त्याला जर्मनीत राहून मानमरातब मिळवता आला असता. पण 1933 मध्ये ज्यूंवरचे बहिष्कार सुरू होताच त्याने जर्मनीत वाजवणे बंद केले, आणि 1938 मध्ये इटलीने वंशभेदाचे कायदे केल्यावर तिथलेही. दोन्ही कुटुंबे 1939 मध्ये अमेरिकेत आली. सर्किन फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला, मैफली मिळवू लागला. बुशला मात्र नव्या देशाने पूर्वीचे स्थान कधीच दिले नाही. या माणसांनी व्हर्माँटमधल्या गिलफर्ड गावी शेतजमीन घेतली, कारण डोंगर, गवताची कुरणे आणि गाई पाहून त्यांना स्वित्झर्लंडची आठवण होई. तिथून जवळच, मार्लबरोला, वॉल्टर हेंड्रिक्स नावाच्या प्राध्यापकाने 1946 मध्ये एक लहानसे महाविद्यालय काढले होते. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आपल्याच हातांनी जुने गोठे आणि कोठारे दुरुस्त करून तिथे वर्ग व वसतिगृहे उभारली. 1949 मध्ये फ्रेंच फ्लूटवादक मार्सेल मोईझ, त्याचा मुलगा लुई आणि सून ब्लांश यांना त्या महाविद्यालयाने संगीत विभागासाठी बोलावले. मोईझने 1935 साली बुशच्या वाद्यवृंदाबरोबर बाखचे ब्रँडेनबर्ग कंचेर्तो ध्वनिमुद्रित केले होते, आणि ब्लांश तर बुशचीच शिष्या. निर्वासित होऊन जगभर पांगलेली ही माणसे एका टेकडीच्या आसपास पुन्हा गोळा झाली, आणि उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या वसतिगृहांत काही तरी करावे असे ठरले. 1951 मध्ये पहिला रीतसर हंगाम झाला. आडॉल्फचा भाऊ, चेलोवादक हेर्मान बुशही संस्थापकांत होता. आडॉल्फ बुश त्यानंतर वर्षभरही जगला नाही. 1952 च्या जूनमध्ये तो गेला, आणि पुढची चार दशके धुरा सर्किनकडे राहिली.

इथे चेंबर म्युझिक म्हणजे काय हे सांगणे भाग आहे, कारण सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. मोठ्या वाद्यवृंदात अनेक व्हायोलिने एकच ओळ वाजवतात आणि समोर उभा असलेला कंडक्टर सगळ्यांचे ऐकून निर्णय देतो. चेंबर म्युझिकमध्ये प्रत्येक ओळीला एकच वादक असतो आणि कंडक्टर नसतो. चार वाद्यांचा क्वार्टेट असेल तर लय कुठे सैल सोडायची, कोणाचा स्वर पुढे आणायचा, कोणी माघार घ्यायची, हे चौघांनी आपसात ठरवायचे असते. चुकीला लपायला जागा नाही आणि मोठेपणालाही नाही. आपल्या मैफलीत शिष्य तानपुऱ्यावर मागे बसतो, गुरू एखादी जागा त्याच्यासाठी सोडतो, तो ती भरतो. शिकण्याची ही रीत मोठीच आहे, पण तिच्यात मैफलीचा भार सर्वस्वी गुरूवर असतो. क्वार्टेटमध्ये व्हिओला वाजवणारा बावीस वर्षांचा मुलगा त्या क्षणी त्या ओळीचा एकटा धनी असतो. पहिल्या व्हायोलिनवर सत्तर वर्षांचा दिग्गज असला तरी त्याला या मुलाच्या श्वासाप्रमाणे श्वास घ्यावा लागतो, नाही तर रचना कोसळते. सर्किन मार्लबरोला समान नागरिकांचे प्रजासत्ताक मानत असे. ही कल्पना त्याला राज्यशास्त्रातून आली नव्हती. तो जे संगीत वाजवत होता, त्यातच ती होती.

ही कल्पना रोजच्या व्यवहारात कशी उतरते ते पाहण्यासारखे आहे. इथे येणाऱ्यांना विद्यार्थी म्हणत नाहीत, सहभागी म्हणतात. अलीकडच्या काळात त्यांची संख्या पाऊणशेच्या आसपास असते. बहुतेक जण विशीतले, संगीत विद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले, आणि त्यांच्यात मिसळलेले ज्येष्ठ. आपल्याला कोणत्या रचनांवर काम करायचे आहे ते सहभागी सुचवतात. त्यांतून गट बांधले जातात आणि गटात एखादा ज्येष्ठ वाजवायला असतो. ‘वाजवायला’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तो बाहेर खुर्ची टाकून सूचना देत बसत नाही, स्वतःचे वाद्य घेऊन आत बसतो. सूचना देणाऱ्याची चूक कोणाला दिसत नाही, वाजवणाऱ्याची सगळ्यांना दिसते. मग कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, तीच रचना. ती मैफलीत सादर करायची की नाही हे गट तयारी पाहून ठरवतो. पाच शनिवार-रविवार मैफली होतात आणि त्यांत काय वाजणार हे साधारण आठवडाभर आधी जाहीर होते, कारण त्याआधी ते कोणालाच ठाऊक नसते. तरीही कार्यक्रम न पाहता लोक तिकिटे काढतात, हे त्या श्रोत्यांबद्दलही बरेच सांगून जाते. जेवणघरात वाढप्याचे काम सहभागी पाळीपाळीने करतात. आज ज्याच्या हातून सूप घेतले त्याच्याबरोबर दुपारी शूबर्ट वाजवायचा, असा मामला. त्याच जेवणघरात कागदी रुमालांचे गोळे करून एकमेकांना मारण्याची जुनी परंपरा आहे आणि नामांकित पियानोवादकही तिच्यातून सुटत नाहीत. हा पोरकटपणा आहे का? आहे. पण पंगतीचा अर्थ आपल्याला निराळा सांगायला नको. एका ओळीत बसून जेवणे आणि आळीपाळीने वाढणे यातून माणसांमधले जे अंतर मिटते, ते भाषणांनी मिटत नाही. आणि सकाळी ज्याच्या डोक्यावर कागदाचा गोळा मारला, त्याला संध्याकाळी ‘इथे तुमची लय पळते आहे’ असे सांगणे थोडे सोपे जाते.

यावर पहिला आक्षेप असा की ही समानता वरवरची आहे. सर्किनसारखा जगप्रसिद्ध माणूस खोलीत असताना कोणता नवखा मोकळेपणाने बोलेल? आणि 1960 पासून तर पाब्लो कसाल्स तिथे येऊ लागला. वयाची त्र्याऐंशी वर्षे उलटलेला, चेलोच्या इतिहासातला सर्वांत मोठा मानला जाणारा, फ्रँकोच्या राजवटीच्या निषेधार्थ वर्षानुवर्षे मैफली नाकारणारा हा कातालान कलावंत मार्लबरोत चेलोचे खुले वर्ग घेई आणि वाद्यवृंदाचे संचालन करी. त्याच्याभोवती प्रजासत्ताक नव्हते, दरबारच होता, असे म्हटले तर ते खोडून काढणे कठीण. बाखच्या आणि बेथोवेनच्या रचनांची त्या काळातली ध्वनिमुद्रणे आजही विकली जातात आणि मार्लबरो हे नाव जगाला कळले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. आक्षेपातला हा भाग मान्य करायलाच हवा. मात्र त्याच पुराव्याची दुसरी बाजूही आहे. कसाल्सच्या वाद्यवृंदात मागच्या रांगांत बसणाऱ्यांत स्वतः एकलवादक म्हणून नाव असलेले लोक होते. आणि 1973 मध्ये कसाल्स गेल्यावर मार्लबरोने काय केले? कीर्ती आणि पैसा दोन्ही ज्यातून आले, त्या वाद्यवृंदाभोवती संस्था नव्याने बांधण्याची वाट तिच्यापुढे मोकळी होती. बहुतेक संस्थांनी तेच केले असते. पुढे वाद्यवृंद अधूनमधून वाजत राहिला, पण संस्थेचा कणा चेंबर म्युझिकच राहिला. दरबार आला आणि गेला, पंगत राहिली. समानता म्हणजे सगळे सारखे मोठे असणे नव्हे. मोठ्या माणसाला आपले मोठेपण वापरण्याची सोय नसणे, एवढा मर्यादित अर्थ घेतला तर मार्लबरोचा दावा टिकतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. इथे निवड होऊन येणारे तरुण आधीच तयार असतात. उत्तम विद्यालयांत शिकलेले, स्पर्धा जिंकलेले, कित्येकदा व्यावसायिक कार्यक्रम करणारे. ज्यांना मदतीची सर्वांत कमी गरज, त्यांनाच हिरव्या डोंगरात सात आठवडे ठेवून घ्यायचे आणि त्याला तरुणांना आधार म्हणायचे, हा श्रीमंतांचा शौक नव्हे काय? ज्या मुलाच्या हाती व्हायोलिन कधी पडलेच नाही, त्याला मार्लबरोचा काही उपयोग नाही, हे खरे आहे. त्याच्यासाठी वेगळ्या संस्था लागतात. व्हेनेझुएलात होसे अँतोनियो आब्रेउ यांनी 1975 मध्ये सुरू केलेली ‘एल सिस्तेमा’ ही चळवळ तशी आहे, आणि तिचे काम मार्लबरोने करावे ही अपेक्षा चूक आहे. पण ‘तयार’ या शब्दाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. पाश्चात्त्य अभिजात संगीतातला वादक बावीस-तेवीसाव्या वर्षी शिक्षण संपवतो तेव्हा त्याच्या मागचा शिक्षक सुटतो आणि पुढे पोट उभे राहते. वाद्यवृंदात एका जागेसाठी पडद्याआड बसून चाचणी द्यायची, स्पर्धांना जायचे, मिळेल तो कार्यक्रम दोन तालमींत उभा करायचा. हात तयार असतात, पण एखाद्या रचनेपुढे महिनाभर बसून ‘हे असेच का’ असा प्रश्न विचारण्याची सवड त्याला आयुष्यात पुन्हा मिळेलच असे नाही. शिष्यवृत्त्या विद्यार्थ्याला मिळतात, मानधन नामवंताला मिळते. मधल्या पाच-सात वर्षांचे कोणी नसते. मार्लबरोने आपली मदत नेमकी या फटीत ठेवली. ती कुवतीची उणीव भरून काढत नाही, वेळेची उणीव भरून काढते. आणि वेळ ही वस्तू बक्षिसाच्या रकमेतून विकत घेता येत नाही, कारण बक्षीस मिळाले की कार्यक्रम आणखी वाढतात.

त्या काळाकडे पाहिले तर हे किती उलट्या दिशेचे होते ते कळते. 1958 मध्ये व्हॅन क्लायबर्न मॉस्कोची चायकोव्स्की स्पर्धा जिंकून आला आणि न्यूयॉर्कने त्याची भर रस्त्यातून मिरवणूक काढली. त्याच वर्षी मार्लबरोच्या दक्षिणेला, मॅसेच्युसेट्सच्या बर्कशायर डोंगरांतल्या टँगलवूडला, मुंबईहून निघून व्हिएन्नात शिकलेला झुबिन मेहता हा बावीस वर्षांचा तरुण कंडक्टरांच्या स्पर्धेत दुसरा आला. पहिला आलेला क्लाउदिओ आबादो. टँगलवूडचे उन्हाळी केंद्र सर्गेई कुसेवित्स्की यांनी 1940 मध्ये सुरू केले होते, तिथे बोस्टनचा वाद्यवृंद शेजारी होता आणि तरुणाला मोठ्या वाद्यवृंदाची सवय लागे. कोलोरॅडोच्या उंच डोंगरांत ॲस्पेन हे चांदीच्या खाणींचे ओस पडलेले गाव 1949 च्या जर्मन कवी गटे याच्या जन्मद्विशताब्दीने पुन्हा जागे झाले आणि तिथे 1951 पासून शेकडो विद्यार्थ्यांची उन्हाळी शाळा वाढली. पुढे 1994 मध्ये स्वित्झर्लंडच्या व्हर्बिये गावी सुरू झालेल्या महोत्सवाने अकादमी आणि 2000 पासून तरुणांचा वाद्यवृंद जोडला. या सगळ्यांनी पुष्कळ केले आहे, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. टँगलवूडने झुबिन मेहतांना जे दिले ते मार्लबरो देऊ शकले नसते, कारण कंडक्टरला तिथे फारसे कामच नाही. पण या सगळ्या ठिकाणी मैफलीची तारीख आधी ठरते आणि तालीम तिच्यामागे धावते. मार्लबरोत तालीम आधी, आणि मैफल झालीच तर तिच्या मागून. हा फरक वेळापत्रकापुरता वाटतो, पण तरुण वादकाच्या मनात त्याने काय बदलते ते पुढच्या आक्षेपातून कळेल.

तो आक्षेप व्यवहारी लोकांचा आहे आणि त्यात तथ्य आहे. तारीख नसेल तर शिस्त कुठून येणार? मैफल हाच कलावंताचा कस आहे, श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर घाम फुटल्याशिवाय कोणी तयार होत नाही, आणि बंद खोलीत वाजवलेल्या शूबर्टने कोणाचे भले होते? आपल्याकडेही रियाजाचा अतिरेक आणि मैफलीचा अभाव यांनी चांगले गळे वाया गेल्याची उदाहरणे जाणकार सांगतील. पण इथे एक गोष्ट निसटते. मार्लबरोत मैफल नाही असे नाही. मैफलीची सक्ती नाही. तारीख ठरलेली असते तेव्हा तयारी किती झाली हा प्रश्न वादक स्वतःला विचारतच नाही. त्या दिवशी जे असेल ते वाजते आणि चांगला वादक अर्ध्या तयारीवरही निभावून नेतो. निभावण्याची हीच कला व्यवसायात सर्वांत आधी येते आणि सर्वांत उशिरा सुटते. सक्ती गेली की ‘आपण तयार आहोत का?’ हा प्रश्न गटातल्या प्रत्येकाला उघडपणे विचारावा लागतो, आणि ‘नाही’ म्हणणेही शक्य होते. चोवीस वर्षांच्या वादकाने आपल्या दुप्पट-तिप्पट वयाच्या सहकाऱ्यासमोर ‘अजून झाले नाही’ म्हणणे, आणि त्या सहकाऱ्याने ते मान्य करणे, ही शिस्त तारखेच्या शिस्तीपेक्षा कडक आहे. 1965 पासून ‘म्युझिशियन्स फ्रॉम मार्लबरो’ या नावाने काही गट हिवाळ्यात अमेरिकेतल्या शहरांत दौरे करतात. मागच्या दाराने मैफल आत आलीच की, असे कोणी म्हणेल. आली, पण उन्हाळ्यात पिकलेले घेऊन आली.

शिस्तीचा खरा पुरावा मात्र दौऱ्यांपेक्षा त्या टेकडीवरून निघालेल्या गटांत आहे. 1950 च्या दशकातल्या अमेरिकेत क्वार्टेट हा पोट भरण्याचा मार्ग नव्हता. चांगला व्हायोलिनवादक एक तर एकलवादक होई, नाही तर वाद्यवृंदात नोकरी धरी. 1964 मध्ये अर्नल्ड स्टाइनहार्ट, जॉन डॅली, मायकेल ट्री आणि डेव्हिड सॉयर यांनी मार्लबरोत ग्वार्नेरी क्वार्टेट स्थापला. 2001 मध्ये सॉयर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी त्याचाच शिष्य पीटर वायली आला. हा एवढाच बदल वगळता 2009 पर्यंत तो गट टिकला. क्वार्टेटच्या संसारात एवढ्या एकाच बदलाने पंचेचाळीस वर्षे एकत्र राहणे ही कसलेल्या संसारी माणसालाही थक्क करणारी गोष्ट आहे. 1969 मधला क्लीव्हलंड क्वार्टेटही याच टेकडीवर जुळलेल्या ओळखींतून आला. यो-यो मा, मरे पेराया, पुढे हिलरी हान यांच्यासारख्या एकलवादकांनीही तरुणपणी इथे उन्हाळे घालवले, आणि महोत्सवाच्या प्रचारपत्रकांत त्यांची नावे अर्थातच ठळक असतात. माझ्या मते ती यादी कमी महत्त्वाची आहे. तेवढ्या ताकदीचे वादक कुठेही चमकले असते. पण चौघांनी मिळून आयुष्य काढायचे ठरवावे एवढा विश्वास त्या उन्हाळ्यांनी दिला, आणि त्यातून अमेरिकेत क्वार्टेटला व्यवसाय म्हणून उभे राहता आले, हे श्रेय नाकारता येत नाही. परिसरालाही वाटा मिळाला. ब्लांश मोईझने 1952 मध्ये जवळच्या ब्रॅटलबरो गावात संगीत केंद्र काढले, आणि स्थानिक मुले व हौशी गायक तिथे बाखपर्यंत पोचले.

एका बाबतीत मात्र संस्थेची बाजू घेणे मला अवघड जाते. रचनांच्या निवडीत मार्लबरो बराच काळ जुन्या व्हिएन्नाच्या उंबऱ्याशी थांबले. हायडन, मोझार्ट, बेथोवेन, शूबर्ट, ब्राम्स, आणि मग दीर्घ शांतता. संगीतकार लिओन कर्शनर यांनी 1960 च्या दशकात नव्या संगीतासाठी तिथे काम केले, पण तो झरा संस्थेचा मुख्य प्रवाह झाला नाही. निर्वासितांनी आपले हरवलेले घर डोंगरात पुन्हा बांधले तेव्हा त्या घराला जुनेच फर्निचर असणार, हे समजू शकते. पण ज्या जागी सक्ती नाही, तिकिटांचा धाक नाही, तिथेच नव्याला सर्वाधिक वाव मिळायला हवा होता. अलीकडे हयात संगीतकारांना तिथे राहायला बोलावून त्यांच्या रचनांवर त्यांच्यासमोर काम होते. हे उशिरा सुचलेले शहाणपण आहे.

8 मे 1991 रोजी सर्किन गेला. अशा वेळी संस्था एक तर पुतळा उभारतात किंवा भांडतात. मार्लबरोत 1999 मध्ये पियानोवादक मित्सुको उचिदा आणि रिचर्ड गूड यांनी मिळून कलाविषयक सूत्रे घेतली. गूड किशोरवयापासून इथे येत होता, उचिदा पहिल्यांदा 1974 मध्ये आली होती. 2018 पासून उचिदाच्या जोडीला पियानोवादक जोनाथन बिस आहे, तोही इथला जुना तरुण सहभागी. ज्याने पंगतीत जेवून घेतले तोच पुढे वाढायला उभा राहिला, एवढा साधा वारसा आहे हा. त्याची परीक्षा वेगळ्याच दिशेने आली. सत्तर वर्षे महोत्सव महाविद्यालयाच्या इमारतींत उन्हाळी भाडेकरू म्हणून राहिला. ते लहानसे महाविद्यालय 2020 मध्ये बंद पडले, जागा विकली गेली. त्याच वर्षी कोरोनाच्या साथीमुळे महोत्सव झालाच नाही. भाडेकरूला घरमालक व्हावे लागले. 2021 मध्ये मार्लबरो म्युझिकने तो सारा परिसर स्वतः विकत घेतला. आता डोंगरातला कडक हिवाळा, छपरांची दुरुस्ती, वर्षातले उरलेले पंचेचाळीस आठवडे, हे सगळे त्या संस्थेच्या अंगावर आहे, जिचे सभागृह सुमारे सहाशे खुर्च्यांचे आहे आणि जी तीन चतुर्थांश काम श्रोत्यांना ऐकवतच नाही. असा हिशेब तिकिटांतून जुळणे शक्य नाही, तो देणगीदारांवर चालतो. देणगीदाराला दाखवायला मैफल लागते, तालीम दाखवता येत नाही. येत्या काळात दबाव येईल तो इथूनच: आणखी मैफली, आणखी मोठे सभागृह, आधीच जाहीर झालेले कार्यक्रम. त्याला हो म्हणणे सोयीचे असेल, आणि त्यात ही संस्था बंद पडणार नाही, फक्त इतर उन्हाळी महोत्सवांसारखी होईल.

हंगामाची अखेर मार्लबरोत अनेक वर्षे बेथोवेनच्या ‘कोरल फँटसी’ने होत आली. पियानो, वाद्यवृंद आणि समूहगान यांची ही रचना. सर्किन असेपर्यंत पियानोवर बहुधा तोच बसे, आणि समूहात वादकांबरोबर त्यांचे आप्त, कार्यालयातली माणसे, शेजारीपाजारी गात. निवड चमत्कारिक वाटते, कारण ही बेथोवेनच्या महान रचनांत गणली जात नाही. तिचा पहिला प्रयोग 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात, गारठलेल्या नाट्यगृहात, चार तासांच्या मैफलीच्या शेवटी झाला. तालीम पुरेशी झालेली नव्हती. मध्येच वादक चुकले, रचना कोसळली, आणि पियानोवर बसलेल्या बेथोवेनला सगळ्यांना थांबवून पुन्हा सुरू करायला लावावे लागले.